ध्वनिउत्तोलन

ध्वनितरंगांच्या दाबावर हलका मणी किंवा द्रवाचा थेंब हवेत अधांतरी धरण्याचे तंत्र. यात गुरुत्वाकर्षण नाहीसे होत नाही. ध्वनीचा रेटा वस्तूचे वजन पेलतो.

ध्वनी वस्तू हलवू शकतो हे आधी पुडीने दाखवले. जर्मन शास्त्रज्ञ आउगुस्ट कुंट यांनी 1866 मध्ये काचेच्या आडव्या नळीत बारीक पूड पसरली आणि आतली हवा कंप पावेल अशी व्यवस्था केली. पूड उडाली आणि सारख्या अंतरावर तिचे ढीग जमले. लगतच्या दोन ढिगांमधले अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. डोळ्यांना न दिसणारी लाट पट्टीने मोजता आली, हे या प्रयोगाचे खरे मोठेपण. पुढे लॉर्ड रॅली यांनी ध्वनीच्या दाबाचे गणित मांडले आणि 1933 मध्ये ब्युक्स व म्युलर यांनी अल्कोहोलचे थेंब हवेत तरंगवले.

समोरासमोरून येणाऱ्या सारख्या लाटा एकमेकींत मिसळल्या की स्थिर तरंग तयार होतो. त्यात दाब जिथे जवळपास बदलत नाही, त्या निस्पंद बिंदूंकडे छोटी वस्तू ढकलली जाते; वजनामुळे ती बिंदूच्या किंचित खाली स्थिरावते. त्यासाठी बहुधा 40 किलोहर्ट्झचा श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा, ध्वनी वापरतात. हवेत त्याची तरंगलांबी साधारण 8.5 मिलिमीटर, म्हणजे दर सव्वाचार मिलिमीटरला एक जागा. चिमट्याने थर्माकोलचा मणी तिथे नेऊन सोडला की तो राहतो. पाण्याचा थेंब मात्र वरून-खालून दाबला जाऊन चपटा होतो आणि ध्वनी फार वाढवला तर फुटून त्याचे तुषार होतात.

1985 मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानातील स्पेसलॅब-3 या प्रयोगशाळा-मोहिमेत शास्त्रज्ञ टेलर वांग थेंबांवर असेच प्रयोग करणार होते. उपकरण सुरूच होईना, तेव्हा त्यांनी अंतराळातच ते उघडून दुरुस्त केले.

ब्रिस्टल विद्यापीठातून 2017 मध्ये पुढे आलेल्या 'टायनीलेव्ह'ने हे तंत्र घरच्या टेबलावर आणले. त्यात गाडीच्या पार्किंग सेन्सरमध्ये असतात तशा 72 छोट्या ध्वनिचकत्या असतात. प्राचीन काळी मंत्रघोषाने शिळा उचलल्याच्या कथांना मात्र पुरावा नाही. साध्या स्थिर तरंगात वस्तू सहसा अर्ध्या तरंगलांबीहून लहानच लागते. तरंगलांबीहून मोठा थर्माकोलचा गोळा 2018 मध्ये धरला गेला, तोही ध्वनीचे भोवरे, म्हणजे गोल फिरत जाणाऱ्या लाटा, वापरून.

औषधांच्या संशोधनात याचा मोठा उपयोग आहे. भांड्याच्या भिंतीला स्पर्श झाला की द्रावणात स्फटिक धरू लागतात. हवेत तरंगणाऱ्या थेंबाला भिंतच नसते, त्यामुळे तो स्फटिक न होता सुकवता येतो. असे औषध पाण्यात अधिक सहज विरघळते.