बातमी की प्रसंगलेखन? एकाच पुराची दोन पानं

6 जानेवारी जवळ आली की शाळांना पत्रकारितेची आठवण होते. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, म्हणून आपल्याकडे हा पत्रकार दिन. मग माझ्यासारख्या, आधी वृत्तपत्राच्या डेस्कवर आणि पुढं वर्गात खडू झिजवलेल्या माणसाला बोलावणं येतं. समोर नववी-दहावीची पोरं, हातात दीड तास. मी विषय देतो पुराचा. कोल्हापुरात दुसरा विषय शोधत बसायचं कारण नाही. 2019 आणि 2021 चं पाणी यांच्या नाहीतर यांच्या मामा-आत्याच्या घरात शिरलेलं असतं.

‘पुरावर बातमी लिहा’ म्हटलं की निम्म्याहून अधिक वह्या अशा सुरू होतात : ‘त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस कोसळत होता. आकाश काळ्याकुट्ट ढगांनी भरून आले होते. मी आईबरोबर दारात उभा होतो...’

हे चांगलं लिहिलंय. फक्त ती बातमी नव्हे, ते प्रसंगलेखन झालं. दहावीच्या मराठीत दोन्ही विचारतात, दोन्हींत एखादी घटना सांगायची असते, म्हणून घोटाळा होतो. एकदा ‘यातला मी काढ’ म्हटल्यावर मागच्या बाकावरून एक जण उठला, ‘सर, मी तिथं हुतो की! मग लिहू नको व्हय?’

या प्रश्नातच सगळा फरक आहे. लिहायचं, पण कुठल्या पानावर आणि काय होऊन, ते ठरवून. बातमी वाचणारा माणूस लांब असतो आणि घाईत असतो. त्याला आज रत्नागिरीला जायचंय, केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलंय का एवढं त्याला पहिल्या ओळीत हवं असतं. तुझी आई दारात उभी होती की चुलीपाशी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रसंगलेखन वाचणाऱ्याला मात्र घाई नसते. त्याला त्या दारात तुझ्या शेजारी उभं राहायचं असतं.

त्याच पोराच्या माहितीवरून आम्ही फळ्यावर दोन्ही लिहिली. तारीख-वार सरावापुरते आहेत. आधी बातमी :

‘कोल्हापूर, ता. 24 : पंचगंगेने बुधवारी सकाळी आठ वाजता राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली. सुतारवाड्यातील कुटुंबांना रात्रीच शाळेत हलवण्यात आले. धोका पातळी 43 फूट आहे. राधानगरी धरणाचे दोन स्वयंचलित दरवाजे उघडल्याने पाणी आणखी वाढण्याची शक्यता आहे, असे आपत्ती व्यवस्थापन कक्षातून सांगण्यात आले.’

आणि हा प्रसंग :

‘रात्री दोनला आईनं हलवून उठवलं. लाईट नव्हती. आजी देव्हाऱ्यातले देव पितळी डब्यात भरत होती. उंबऱ्याला अजून पाणी लागलं नव्हतं, पण मोरीतनं ते उलटं वर येत होतं. ट्रॅक्टरनं आम्हाला शाळेत आणलं. माझ्याच वर्गात झोपायचं होतं. मी माझ्या नेहमीच्या बाकाखाली दप्तर ठेवलं आणि झोप येईना.’

आता कात्री घ्या. खरीच घ्या, मी वर्गात घेतो. बातमीची शेवटची ओळ कापा. काही बिघडलं? नाही. आणखी दोन कापा. उरलेलं वाक्यही बातमीच आहे : नदीनं इशारा पातळी ओलांडली. पानावर जागा कमी पडली की उपसंपादक खालूनच कापतो, म्हणून महत्त्वाचं सगळं वर चढवून ठेवायचं. यालाच उलटा पिरॅमिड म्हणतात. प्रसंगाला हीच कात्री लावून बघा. बाक आणि दप्तर गेलं की उरतो नुसता ट्रॅक्टर. प्रसंगाचा जीव शेवटाकडे असतो. तो घड्याळाप्रमाणे पुढं सरकतो. बातमी मात्र सकाळचे आठ आधी सांगून मग रात्रीकडे वळते.

कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सहा ककार मुलांना पाठ असतात. पावसाळ्यात कोल्हापूरकराचा एक सातवाही असतो : किती. ‘पाणी किती फूट?’ हा प्रश्न तेव्हा ‘जेवलास का?’च्या चालीवर विचारला जातो, आणि बातमीला त्याचं उत्तर द्यावंच लागतं.

व्याकरण मी इथं आणतो, कारण इथं ते कंटाळवाणं वाटत नाही. ‘हलवण्यात आले’ या रचनेत कर्ता गायब आहे. बातमीत ही सवय फार. कधी ती ठीक असते, कारण कुणी हलवलं यापेक्षा कोण हललं हे महत्त्वाचं असतं. कधी ती निव्वळ आळस असते, आणि कधी तर चूक. राधानगरी बघा. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपले आपण उघडतात, आणि एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत, म्हणजे पुढं पंचगंगेत येतं. ‘राधानगरीचे दरवाजे उघडण्यात आले’ असं कुणी लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटतं कुणा साहेबानं पाणी सोडलं. मग साहेबाच्या नावानं शिमगा. ‘उघडले’ म्हटलं तरी मराठीत दोन अर्थ होतात : दार आपोआप उघडलं, किंवा कुणीतरी उघडलं. म्हणून ‘स्वयंचलित’ हा शब्द त्या वाक्यातून काढायचा नाही. प्रयोग शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही.

प्रसंगात कर्ता लपवला तर घात होतो. ‘मला उठवण्यात आले’ असं एका मुलीनं लिहिलं होतं. उठवलं कुणी? आईनं. मग आईला वाक्यात येऊ दे की!

भाषेचा पोतही बदलतो. बातमी ‘केले, आले’ अशी प्रमाण वळणाची. प्रसंगात आजी बोलली तर तिनं ‘चला लवकर, पानी वर यायलंय’ असंच बोलावं. ती ‘त्वरा करा’ म्हणाली तर आजी खोटी पडते.

भडक शब्दांवर मात्र दोन्हीकडे माझी सारखीच खुन्नस आहे. ‘हाहाकार’, ‘थैमान’, ‘तांडव’. वर्तमानपत्रं स्वतःच हे छापतात, त्यामुळं मुलांना ओरडायची सोय राहत नाही. तरी मी खोडतो. 39 फूट म्हटल्यावर कोल्हापूरकराच्या पोटात जो गोळा येतो, तो ‘हाहाकारा’नं येत नाही. प्रसंगात ते काम मोरीतनं उलटं येणारं पाणी करतं.

राहिला त्या पोराचा ‘मी तिथं हुतो’. बातमीत त्यानं स्वतः पाहिलेलंही तसंच घालायचं नाही. शेजाऱ्याला विचारायचं, आणखी एकाला विचारायचं, आणि मग लिहायचं : ‘पाणी आधी मोऱ्यांतून वर आले, असे सुतारवाड्यातील रहिवाशांनी सांगितले.’ ‘समजते’, ‘कळते’ वर भागवायचं नाही. कुणाकडून समजलं, ते सांगायचं. त्याला हे आवडलं नाही. स्वतःच्या घरातल्या मोरीसाठी दुसऱ्याची साक्ष कशाला, असं त्याचं म्हणणं. त्याचा राग मला मान्य आहे. पण अंधारात, झोपेतून उठलेल्या माणसाला दोन वाजले होते की साडेतीन, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. वर्गातल्या तिघांनी त्याच रात्रीच्या तीन वेगळ्या वेळा सांगितल्या. प्रसंगात तिन्ही खऱ्या, बातमीत त्यातली एकही तपासल्याशिवाय चालत नाही.

परीक्षेतली एक नेहमीची चूक, ती वाचनाची आहे. प्रश्नात बऱ्याचदा कार्यक्रमाची पत्रिका किंवा सूचना दिलेली असते : ‘27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, सकाळी 10 वाजता ग्रंथदिंडी’. मुलं तीच भविष्यकाळात उतरवतात, ‘ग्रंथदिंडी काढण्यात येणार आहे’. ते निवेदन झालं. बातमी लिहायला सांगितली असेल तर दिंडी निघून गेलेली धरायची, क्रियापदं भूतकाळात न्यायची आणि वर लिहायचं : कोल्हापूर, ता. 28. प्रसंगलेखन विचारलं असेल तर तारखेची गरज नाही. पालखीत कुठलं पुस्तक होतं आणि खांदा कुणाचा दुखला, तिथून सुरुवात करा.