कस्टम क्वेरी मेथड

डेटाबेसमधील एखाद्या टेबलासाठी लिहिलेल्या मॉडेलला (त्या टेबलाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या वर्गाला), वारंवार लागणारी क्वेरी एका अर्थवाही नावाने जोडून देण्याची पद्धत. जँगो या पायथनमधील वेब-फ्रेमवर्कमध्ये अशी मेथड मॅनेजरवर (मॉडेलच्या क्वेरी जिथून सुरू होतात त्या ऑब्जेक्टवर) किंवा क्वेरीसेटवर (अटींनी घडत जाणाऱ्या नोंदींच्या संचावर), तर रुबीतील रेल्स व पीएचपीतील लाराव्हेल या फ्रेमवर्कमध्ये स्कोप म्हणून लिहितात.

उगम : हा प्रकार प्रथम कोठे आला, याचे उत्तर व्याख्येनुसार बदलते. क्वेरीला नाव देणे एवढेच लक्षण धरले, तर १९९८ सालच्या एंटरप्राइझ जावाबीन्स या जावातील प्रणालीमधील होम इंटरफेसवरच्या फाइंडर (नोंदी शोधून देणाऱ्या) मेथडपर्यंत तरी मागे जावे लागते. सॉफ्टवेअरविषयक लेखक मार्टिन फाउलर यांनी २००२च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या आकृतिबंधांच्या (सॉफ्टवेअर-रचनेच्या ठरीव पद्धतींच्या) संग्रहातही ॲक्टिव्ह रेकॉर्ड व रो डेटा गेटवे या, टेबलाची ओळ ऑब्जेक्टच्या रूपात हाताळणाऱ्या आकृतिबंधांच्या ओघात फाइंडरचा विचार आलेला आहे. मात्र जावाबीन्समधील फाइंडर शोधाचे तयार फळच हाती देत. त्याला पुढे आणखी अट जोडता येत नसे. जँगोच्या २००६ मधील ०.९५ आवृत्तीत मॉडेलला ‘ऑब्जेक्ट्स’ हा मॅनेजर आणि साखळीत जोडता येणारा, म्हणजे एकापुढे एक अटी लावता येणारा, क्वेरीसेट मिळाला, परंतु मॅनेजरवर स्वतः लिहिलेली मेथड साखळीच्या पहिल्या कडीलाच चाले. एकदा ‘फिल्टर’ (अट लावणारी मेथड) लावला की ती दिसेनाशी होई. निक कॅलन यांच्या ‘हॅज फाइंडर’ या प्लगइनमधून २००८च्या रेल्स २.१ मध्ये आलेल्या ‘नेम्ड स्कोप’ने अशा मेथडी एकमेकींना जोडण्याची सोय केली. जँगोने ती सोय, क्वेरीसेटवरील मेथडी मॅनेजरलाही देणाऱ्या ‘ॲज मॅनेजर’ व ‘फ्रॉम क्वेरीसेट’ यांच्या रूपाने, २०१४च्या १.७ आवृत्तीत अधिकृतपणे दिली. साखळी हेच या पद्धतीचे मर्म मानल्यास, आणि प्रस्तुत नोंदीत तेच मानले आहे, अग्रमान नेम्ड स्कोपला देणे अधिक सयुक्तिक ठरते.

लेखन : ग्रंथालयाच्या प्रणालीत ‘देवघेव’ हे मॉडेल आहे असे धरू. ‘पुस्तक परत आलेले नाही आणि मुदत उलटली आहे’ ही अट यादी, अहवाल व स्मरणपत्र अशा प्रत्येक ठिकाणी लिहिण्याऐवजी क्वेरीसेटचा उपवर्ग करून त्यात ‘थकीत’ ही मेथड लिहितात, तिच्यातून ‘सेल्फ.फिल्टर’चे उत्तर परत करतात आणि ‘ॲज मॅनेजर’ने तो उपवर्ग मॉडेलच्या ‘ऑब्जेक्ट्स’ला जोडतात. त्याच वर्गात ‘सभासदाची’ ही दुसरी मेथड असेल, तर दोन्ही एकापुढे एक लावता येतात आणि डेटाबेसकडे एकच एसक्यूएल विधान जाते. क्वेरीसेट ‘आळशी’ (गरज पडेपर्यंत काम लांबणीवर टाकणारा) असल्याने नोंदी प्रत्यक्ष वाचायला घेईपर्यंत तेही जात नाही. संपूर्ण टेबलासंबंधीची कृती मॅनेजरवर व एका नोंदीसंबंधीची मॉडेलवर, ही जँगोची विभागणी आहे: ‘थकीत’ क्वेरीसेटवर शोभते, ‘दंड किती’ हे मॉडेलवर.

पायथन ३ मध्ये देवनागरी नावे चालतात, त्यामुळे ‘थकीत’ हे नाव जसेच्या तसेही लिहिता येते. रूढी मात्र रोमन नावांची आहे.

नवशिक्यांच्या चुका : पहिली चूक ‘रिटर्न’ विसरण्याची. जँगोत मेथड ‘नन’ (पायथनचे रिकामे मूल्य) देते आणि पुढची कडी लावताच त्रुटी येते, म्हणजे चूक निदान कळते. रेल्सच्या स्कोपमधून ‘निल’ (रुबीचे रिकामे मूल्य) आले तर सगळ्याच नोंदी निमूटपणे मिळतात, जे अधिक घातक आहे. दुसरी चूक तारखेची. ‘आज’ या पॅरामीटरचे डिफॉल्ट मूल्य म्हणून मेथडच्या व्याख्येतच आजची तारीख काढली, तर पायथन ती फाइल लोड होताना एकदाच काढतो, आणि सोमवारी सुरू केलेला सर्व्हर गुरुवारीही सोमवारचेच थकीत सभासद दाखवतो. रेल्समध्ये हीच फसगत इतकी सर्रास होई, की चौथ्या आवृत्तीपासून स्कोपची अट लॅम्डासारख्या (निनावी फंक्शनसारख्या), दर वेळी नव्याने कॉल करता येणाऱ्या रूपात देणे आवश्यक ठरवण्यात आले. तिसरी चूक मॅनेजरच्या ‘गेट क्वेरीसेट’मध्येच (मूळ क्वेरीसेट देणाऱ्या मेथडमध्येच) अट घालून नोंदी लपवण्याची. वर्गात प्रथम लिहिलेला मॅनेजर जँगो डिफॉल्ट मानतो, त्यामुळे ‘डंपडेटा’ या डेटाची प्रत काढणाऱ्या आदेशाने घेतलेल्या प्रतीतूनही लपवलेल्या नोंदी गळू शकतात. यासाठी साधा ‘ऑब्जेक्ट्स’ आधी लिहावा. तो स्पष्टपणेच लिहावा लागतो, कारण दुसऱ्या नावाचा मॅनेजर दिला की जँगो तो आपोआप पुरवत नाही.

लाराव्हेलमध्ये पारंपरिक रीतीने मेथडच्या नावाआधी ‘स्कोप’ हा उपसर्ग लावतात व ती वापरताना तो गाळतात.