पोटाची नस आणि लेकराचे वजन

मेळघाटातून ॲपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी अमरावतीला आणलेले पाच वर्षांचे लेकरू भूल उतरल्यावर गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडते, टाके ओढतील म्हणून खोकला दाबते आणि श्वासही वरवरचा घेते, तेव्हा ते शांत झोपले आहे असा समज सहज होतो. ते कोरकूच बोलत असेल, तर ‘किती दुखते?’ हा प्रश्नही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण देऊन वेदना मोजतात. त्याला भाषा लागत नाही.

पोटाच्या भिंतीला संवेदना पुरवणाऱ्या नसा पाठीकडून पुढे येताना कुशीतल्या तीन स्नायूंपैकी मधल्या आणि सर्वांत आतल्या थरांच्या दरम्यानून जातात. तेथे बधिरतेचे औषध सोडले, की नसांमध्ये सोडियमचे कण शिरण्याची दारे बंद होतात आणि वेदनेचा संदेश मेंदूकडे निघतच नाही. २००१ साली रफी यांनी वर्णिलेली ही पद्धत ‘टॅप ब्लॉक’ म्हणून ओळखली जाते. सुई आता सोनोग्राफीत पाहत पुढे नेतात आणि लेकरू तेव्हा पूर्ण भुलीत असल्याने त्याला ती टोचल्याचे कळत नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे या यंत्राचीही नोंदणी करावी लागते. यंत्र नसेल, तर हर्नियासारख्या बेंबीखालच्या शस्त्रक्रियांसाठी माकडहाडाजवळच्या फटीतून दिला जाणारा ‘कॉडल ब्लॉक’ आजही उत्तम आहे. त्याने पाय काही तास लुळे वाटू शकतात, हे आईवडिलांना आधीच सांगायला हवे.

मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामक औषधांनी श्वास मंदावू शकतो, म्हणून रात्रभर लक्ष ठेवावे लागते. रात्रपाळीला एकच परिचारिका असलेल्या वॉर्डात ही औषधे जितकी कमी लागतील तितके बरे, आणि माझ्या मते ग्रामीण रुग्णालयांसाठी ब्लॉकचे खरे मोल येथेच आहे.

धोका मात्राचुकीत आहे. ब्लॉकसाठी वापरले जाणारे बधिरतेचे औषध बुपिव्हाकेन साधारणपणे वजनाच्या किलोमागे २.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. म्हणजे १६ किलोच्या मुलाला ४० मिलिग्रॅम, ०.२५ टक्क्यांच्या द्रावणाचे १६ मिलिलिटर. कुपोषण असलेल्या भागात पाच वर्षांचे मूल १२ किलोचेही असू शकते, त्यामुळे वयावरून वजनाचा अंदाज बांधणे घातक ठरते आणि काट्यावरचे वजनच हवे. तान्ह्या बाळांच्या रक्तात हे औषध बांधून ठेवणारे प्रथिन कमी असल्याने त्यांची मात्रा आणखी घटवतात. औषध रक्तात जास्त गेले, तर झटके येऊ शकतात किंवा हृदयाची लय बिघडू शकते. त्यासाठी २० टक्के स्निग्ध द्रावण हाताशी ठेवावे लागते.

टॅप ब्लॉकने भिंतीचे दुखणे थांबते, आतड्याची कळ मात्र थांबत नाही. शिवाय एकदाच दिलेल्या ब्लॉकचा असर काही तासांत ओसरतो. म्हणून दुपारी शस्त्रक्रिया झालेल्या लेकराला पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, बधिरता उतरण्याआधीच द्यायचे असते. ते रडून उठेपर्यंत थांबायचे नसते.