दोन आरा आणि दोन 'मायर हायास्तान'

आर्मेनियातल्या 'मायर हायास्तान'चा, म्हणजे माता आर्मेनियाच्या पुतळ्याचा फोटो टाकताना लोक शिल्पकाराचं नाव हमखास चुकवतात, आणि गोंधळ होण्यासारखंच आहे ते, कारण असे पुतळे दोन, एक राजधानी येरेवानला, एक ग्युमरी शहरात, आणि दोन्ही करणाऱ्यांचं नाव आरा. (मायर म्हणजे आईच, आपल्या 'माय'च्या किती जवळचा शब्द आहे बघा.)

थोरले आरा सर्गस्यान, जन्म १९०२. इस्तंबूल आणि व्हिएन्नात शिकून १९२५ ला आर्मेनियात आले, येरेवानच्या ऑपेरासमोरचा कवी तुमान्यानचा बसलेला पुतळा त्यांचा. १९४५ ला तिथे आर्ट इन्स्टिट्यूट निघालं त्याचे पहिले प्रमुखही तेच.

धाकटे आरा हारुत्युन्यान, जन्म १९२८, त्याच इन्स्टिट्यूटमधून १९५४ ला पास झालेले, म्हणजे पुन्हा गोंधळ! सार्दारापातच्या युद्धस्मारकातले लाल दगडाचे ते प्रचंड पंखवाले बैल यांचे, १९६८ चे, आणि येरेवानची माता आर्मेनियाही यांचीच. तिची गोष्ट मला फार आवडते. व्हिक्टरी पार्कच्या टेकडीवर १९५० पासून स्टालिनचा पुतळा होता, १९६२ ला तो रातोरात उतरवला, खालचा चौथरा मात्र तसाच ठेवला आणि १९६७ ला त्याच्यावर ही बाई उभी राहिली, तांब्याचा पत्रा ठोकून केलेली, २२ मीटर उंच, दोन्ही हातांनी एक तलवार आडवी धरलेली. चौथऱ्यासकट ५१ मीटर. चौथरा आर्किटेक्ट इस्रायेल्यान यांचा, बाहेरून ठोकळा पण आत शिरलं की सातव्या शतकातल्या सेंट ह्रिप्सिमे चर्चसारखी रचना, स्टालिनच्या पायाखाली चर्च, काय हिंमत असेल त्या माणसाची! सार्दारापातलाही आर्किटेक्ट तेच.

तेव्हा ओळखायची खूण सोपी, आडवी तलवार आणि खाली तो भलामोठा चौथरा दिसला की येरेवान, म्हणजे हारुत्युन्यान. ग्युमरीची माता सर्गस्यान यांची, येरवांद वार्दान्यान यांच्यासोबत केलेली, गावाबाहेरच्या टेकडीवर, जुन्या काळ्या किल्ल्याशेजारी. ती उभी राहिली १९७५ ला, गावाचं नाव तेव्हा लेनिनाकान होतं, आणि सर्गस्यान १९६९ लाच गेले होते, त्यांना ती तिथे उभी बघायला मिळालीच नाही. निदान फोटोखाली तरी त्यांचं नाव नीट लिहा.