गोव्यातील लोहखनिज निर्यात : व्यापारधोरण आणि परिणाम

गोव्यातील लोहखनिज निर्यात : डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या चार तालुक्यांत सापडणारे हलक्या प्रतीचे लोहखनिज नदीमार्गे मुरगाव बंदरात आणून परदेशी, मुख्यतः आधी जपानला व नंतर चीनला, विकण्याचा व्यवसाय. देशातील पोलाद कारखान्यांना पूर्वापार जास्त लोहांशाचे खनिज हवे असे. गोव्याचे खनिज बहुतांशी भुकटीच्या रूपातले, सिलिका आणि ॲल्युमिना जास्त असलेले. ते देशात फारसे खपत नव्हते, पण खाणीपासून नदी जवळ आणि नदीपासून समुद्र जवळ, त्यामुळे बाहेर पाठवणे परवडायचे. म्हणूनच या व्यवसायाचे नशीब गोव्यात कधीच ठरले नाही. ते दिल्लीतल्या निर्यातशुल्काच्या अधिसूचनेवर आणि चीनमधल्या भावावर ठरत आले.

खाणींचे हक्क पोर्तुगीज काळात कायमस्वरूपी सवलती म्हणून दिलेले होते. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने मागच्या तारखेपासून त्या रद्द करून त्यांचे भाडेपट्ट्यांत, म्हणजे गोव्यात सरसकट म्हणतात त्या ‘लीज’मध्ये, रूपांतर झाले. ही लीज २२ नोव्हेंबर १९८७ ला संपली आणि पहिले वीस वर्षांचे नूतनीकरण २२ नोव्हेंबर २००७ ला संपले, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निवाड्यात ठरवले. म्हणजे त्यानंतर, भाव सर्वांत तेजीत असताना, काढलेले सगळे खनिज बेकायदा ठरले.

एका टनाचा प्रवास

एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती आणि दगड बाजूला काढावे लागतात. त्याचा ढीग म्हणजे डंप. न्यायालयाने २०१४ मध्ये राज्यासाठी वर्षाला २ कोटी टनांची कमाल मर्यादा घातली. तेवढे खनिज काढले तरी ५ ते ६ कोटी टन माती दरवर्षी कुठेतरी ठेवावी लागणार, आणि लीजच्या हद्दीबाहेर डंप करायला त्याच निवाड्याने मनाई केली आहे. तेजीच्या काळात, २०१०-११ साली, कर्नाटकातून आलेला माल धरून गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर निर्यात झाली होती.

खाणीवरून माल दहा टनी टिपरने आमोणे, सारमानस, कापशे अशा जेटींवर येतो. तिथून हजार ते अडीच हजार टनांच्या बार्जेस (नदीतल्या मालवाहू बोटी) मांडवी किंवा जुवारीतून मुरगावला जातात. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा पट्टा साचतो. तेव्हा बार्जेस कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत उतरतात. दीड हजार टनांची एक बार्ज भरायला दीडशे खेपा लागतात. २ कोटी टन म्हणजे २० लाख खेपा, आणि हंगाम आठ महिन्यांचा धरला तर रोज आठ हजारांच्या वर भरलेले ट्रक व तेवढेच रिकामे. कुडचडे, सावर्डे, तिळामळ, उसगाव, पाळी, होंडा इथल्या रस्त्यांनी हेच पाहिले.

ट्रकमालकाला मोबदला टन आणि अंतर यांच्या हिशोबाने मिळतो, वेळेच्या नव्हे. जास्त खेपा आणि जास्त भरणा यांतच त्याची कमाई. वेगमर्यादा, ताडपत्री आणि पाणी फवारणी यांचे नियम कागदावर भरपूर होते, पण मोबदल्याची पद्धत त्यांच्या नेमकी उलट होती. धुळीचे खापर चालकावर फोडणे सोपे. वाहतुकीचा दर मात्र चालक ठरवत नव्हता.

टक्क्यांचा खेळ

निर्यातशुल्काची आखणी लोहांशाच्या टक्केवारीवर होते. २००७ च्या अर्थसंकल्पात टनाला ३०० रुपये शुल्क आले. काही महिन्यांतच ६२ टक्क्यांखालच्या भुकटीसाठी ते ५० रुपयांवर आणले गेले. मार्च २०११ मध्ये सरसकट २० टक्के आणि डिसेंबर २०११ अखेर ३० टक्के झाले. जून २०१५ पासून ५८ टक्क्यांखालच्या भुकटीवर १० टक्के आणि मार्च २०१६ पासून ५८ च्या खालच्या सगळ्या मालावर शून्य. मग २२ मे २०२२ ला एका रात्रीत ५० टक्के. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला हलक्या प्रतीवर पुन्हा शून्य, आणि ५८ च्या वरच्या मालावर ३०. शुल्क वाढवताना सांगितलेला हेतू देशी पोलाद स्वस्त राहावे असा होता. डोंगर किंवा नदी वाचावी हा हेतू त्यात कधीच नव्हता, हे गोव्यात शुल्कवाढीचे स्वागत करणारे काहीजण विसरतात.

५८ ही रेघ जिथे आखली, तिथे मिश्रणाला बक्षीस मिळते. ५९ टक्क्यांचा माल ५५ च्या मालात मिसळून ५७.५ वर आणला की ३० टक्के शुल्क वाचते. त्यातून जुन्या डंपमधल्या, एके काळी टाकाऊ मानलेल्या मालालाही अचानक गिऱ्हाईक मिळते. शिवाय टक्केवारी कोणत्या वजनावर मोजायची हा वाद. खरेदीदार कोरड्या वजनावर भाव देतो. शुल्कासाठी मात्र, सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याचा आधार घेऊन सीमाशुल्क मंडळाने २०१२ मध्ये परिपत्रक काढून, ओल्या वजनावर लोहांश मोजायचे ठरवले. समजा १०० टन मालात ८ टन पाणी आहे आणि कोरड्या ९२ टनांत ६२ टक्के लोह आहे. लोह झाले ५७.०४ टन. गिऱ्हाइकाच्या बिलात माल ६२ टक्क्यांचा, कस्टमच्या कागदावर ५७.०४ चा. यात बेकायदा काही नाही. पण ओलाव्याचा दाखला किती महत्त्वाचा झाला ते यावरून कळते. नमुना ढिगाच्या वरून घेतला की आतून, सकाळी की दुपारी, इतक्यानेही टक्का-दीड टक्का हलतो.

दुसरी वाट घोषित किमतीची. निर्यातदार आपल्याच समूहातल्या परदेशी कंपनीला कमी भावात माल विकतो आणि ती कंपनी चीनमध्ये पूर्ण भावात विकते. मधला नफा देशाबाहेर राहतो. इथला आयकर, शुल्क आणि किमतीवर आधारलेली रॉयल्टी (खनिजाबद्दल राज्याला मिळणारी रक्कम) तिन्ही घटतात. बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने नेमलेल्या न्या. एम. बी. शाह आयोगाने गोव्यातील कमी किमतीच्या बिलांचा स्वतंत्र विचार केला. आयोगाचा गोव्यावरचा पहिला अहवाल ७ सप्टेंबर २०१२ ला संसदेत मांडला गेला. बेकायदा खाणकामातले नुकसान त्यात सुमारे ३५ हजार कोटी रुपये धरले होते. हा आकडा वादग्रस्त राहिला, पण तीनच दिवसांत राज्य सरकारने खाणी बंद केल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली.

तिजोरीत काय येते

तेजी सुरू झाली तेव्हा रॉयल्टी टनाला ठरावीक रुपयांत होती, सर्वांत उंची मालालाही २७ रुपये. भाव कितीही चढला तरी राज्याला तेवढेच. ऑगस्ट २००९ मध्ये ती किमतीच्या १० टक्के झाली, सप्टेंबर २०१४ पासून १५ टक्के. चीनमध्ये ६२ टक्क्यांच्या मालाचा भाव फेब्रुवारी २०११ मध्ये टनाला १९० डॉलरच्या आसपास गेला होता आणि डिसेंबर २०१५ मध्ये चाळिशीच्या खाली आला. टक्केवारीची रॉयल्टी न्याय्य खरी, पण तिच्यामुळे राज्याचा अर्थसंकल्पही त्याच हेलकाव्यावर बसला.

निर्यातशुल्क तर केंद्राचे. ते विभाज्य निधीत जाते. १५ व्या वित्त आयोगानुसार (२०२१-२६) त्यातले ४१ टक्के राज्यांना जात, आणि त्यात गोव्याचा वाटा ०.३८६ टक्के होता. वसुलीखर्च बाजूला ठेवला तरी मुरगावला गोळा झालेल्या १०० रुपये शुल्कातून गोव्याला तेव्हा सुमारे १६ पैसे परत येत.

राज्याने २०१४-१५ मध्ये ८८ लीजचे दुसरे नूतनीकरण लिलावाविना केले. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ते रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला ई-लिलाव झाला. बोली भारतीय खाण ब्युरोच्या सरासरी विक्रीमूल्याच्या टक्केवारीत लागते. डिचोली गटाला ६३.५५ टक्के, तर मोंत-द-शिरगाव गटाला १११.२० टक्के बोली आली. शंभरच्या वरची बोली वेडेपणाची वाटते. पण ब्युरोचे मूल्य विशिष्ट प्रतवारीची राज्यभराची सरासरी असते. प्रत्यक्ष माल त्याहून चांगल्या भावाला जाईल असा हा जुगार आहे. रॉयल्टी, जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणबाधितांसाठीच्या निधीचा) हिस्सा आणि पुढच्या पिढ्यांसाठीच्या कायमस्वरूपी निधीसाठी न्यायालयाने सांगितलेले विक्रीचे १० टक्के धरले तर अशा खाणीत नफ्याची फट अगदी अरुंद उरते. मग काटकसर कुठे होते? सहसा डंपची बांधबंदिस्ती आणि गाळाच्या तळ्यांवर.

घर, शेत, विहीर

खाणपट्ट्यातल्या घरात बहुधा दोन हिशोब एकत्र चालतात. एक ट्रकचा. गाडी बँकेच्या कर्जावर घेतलेली, पावसाळ्याचे चार महिने खेप नाही, पण हप्ता चालूच. आठ महिन्यांच्या कमाईतून बाराही महिन्यांचे हप्ते, विमा, टायर आणि रस्ताकर भागवायचा. २०१२ ची बंदी सप्टेंबरात, म्हणजे हंगाम उघडण्याच्या तोंडावर आली. पावसाळ्यात शिल्लक संपलेली आणि पुढची कमाई बंद. सरकारला खाण अवलंबितांसाठी कर्जसवलत योजना काढावी लागली.

दुसरा हिशोब शेताचा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात डंपवरचे तांबडे पाणी ओहोळातून सरद (पावसाळी) पिकाच्या शेतात शिरते. बांधाआड पाणी थांबले की बारीक माती तरव्याभोवती बसते. पावसाने चार दिवस उघडीप दिली की तिचा पापुद्रा धरतो, मुळांना हवा मिळत नाही, भाताला फुटवे कमी येतात. नांगरण्याआधी हा थर खरवडून काढावा लागतो. १,००० चौरस मीटरच्या शेतात २ सेंटिमीटर गाळ म्हणजे २० घनमीटर, वजनाने सुमारे ३० टन, दहा टनी तीन ट्रक. हे काम खोऱ्याने करायचे. एखाद-दुसऱ्या वर्षी लोक करतात, तिसऱ्या वर्षी नुकसानभरपाईचा धनादेश घेऊन शेत पडीक ठेवतात. भरपाई फॉर्म एक-चौदाच्या (गोव्यातील जमीननोंदीच्या) उताऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. तोंडी कराराने कसणारा किंवा मजूर त्यात बसत नाही. पडीक शेताचे बांध दोनतीन पावसाळ्यांत खचतात, आणि खाण बंद झाली तरी शेत परत उभे राहत नाही.

खाण भूजलाच्या खाली गेली की पंप लावून पाणी उपसावे लागते. आसपासच्या विहिरी आणि झरी आटतात, कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) मार्च-एप्रिलात पाणी पुरत नाही. लईराईच्या जत्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या शिरगावात हेच झाले. गावाभोवती खाणींचे खोल खड्डे, त्यांत पाणी भरपूर, आणि घरांना टँकर.

हवामानाचा जमाखर्च

लोहखनिजापासून झोतभट्टीत एक टन पोलाद करताना साधारण दोन टनांच्या वर कर्बवायू सुटतो. तो देशांच्या हिशोबात भट्टी जिथे आहे तिथे नोंदला जातो. आंतरराष्ट्रीय जहाजांचा धूर कुठल्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत. खाणीने गोव्यात तोडलेले जंगल भारताच्या खात्यात येते, पण व्यापाराच्या बिलात कुठेच येत नाही. हलक्या प्रतीच्या मालाचे आणखी एक ओझे आहे. १ टन लोहासाठी ६२ टक्क्यांचे खनिज १.६१ टन लागते, ५६ टक्क्यांचे १.७९ टन. वाढीव जवळपास सगळी धातुमळी, ती वितळवायला जादा कोक. म्हणजे ५८ च्या खाली शून्य शुल्क लावून धोरण जास्त कर्ब सोडणाऱ्या मालालाच वाट मोकळी करते. युरोपीय संघाचा सीमा-कर्बकर १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू झाला आहे. त्यात पोलाद आणि गोळ्या केलेले खनिज येते, कच्ची भुकटी येत नाही. तसाही आपला माल तिकडे फारसा जात नाही.

मुरगावला बार्जेस खनिज उतरवतात आणि त्याच बंदरात परदेशी कोळसा उतरतो. तो रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांत जातो. त्यासाठी मोले अभयारण्यातून दुपदरी लोहमार्ग टाकण्याला मिळालेली वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ ला रद्द केली.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

खाण सुरू असो वा बंद, डंप तसाच राहतो. त्यामुळे मे अखेरपर्यंत करायची कामे टळत नाहीत. डंपच्या पायथ्याशी दगडी बांध आणि भोवती चर खणणे, चराचे पाणी एकामागोमाग दोन-तीन गाळतळ्यांतून सोडणे, गेल्या वर्षीचा गाळ तळ्यांतून काढणे, उतारावर पायऱ्या पाडून काथ्याची जाळी अंथरणे, खालच्या ओहोळातला गाळ उपसणे. सर्वांत जास्त चुकते ते तळ्यांतला गाळ काढण्यात. गेल्या वर्षी अर्धे भरलेले तळे यंदा निम्मेच पाणी थोपवते. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीलाच ते काठावरून वाहू लागते, आणि तांबडे पाणी न निवळताच शेतात पोचते. काढलेला गाळ तळ्याच्याच काठावर टाकला, तर तोही पहिल्याच पावसात परत आत येतो. लीज कोणाकडेच नसलेल्या वर्षांत, २०१२ नंतर आणि पुन्हा २०१८ नंतर, ही कामे कोणी करायची यावर कंपनी, खाण खाते आणि पंचायत यांच्यात पत्रव्यवहार चालू राहिला.