आर्यांच्या वादाची दीडशे वर्षे

‘आर्य युरेशियातून आले, आम्ही इथले मूलनिवासी’ ही एक बाजू. ‘आर्य इथलेच, इथूनच ते जगभर गेले’ ही दुसरी. प्राचीन भारताचा विषय निघाला की मराठी माणसं या दोन गटांत तावातावाने भांडतात, आणि इतिहासाचा पुरावा आपल्याच खिशात आहे अशी दोघांची खात्री असते. या वादाचा माग काढला की दिसतं ते वेगळंच. दोघांची हत्यारं एकाच भात्यातली आहेत आणि तो भाता इंग्रजी अमदानीत भरला गेला.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत इंग्रज न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं. विधान भाषेपुरतं होतं. पुढच्या शतकात भाषेवरून वंश ठरवला जाऊ लागला. आर्य वंश, आर्य रक्त असं बोलणारा अभ्यासक मोठी चूक करतो, असं संस्कृतचे जर्मन पंडित मॅक्स म्यूलर यांनी १८८८ मध्ये बजावलं, पण तोवर उशीर झाला होता. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी तर नाकांची मापं घेऊन जातींची उतरंड लावली; १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त तेच होते.

महाराष्ट्रात या सिद्धान्ताला दोन अगदी विरुद्ध वाटा फुटल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून दशावतारांचा अर्थच फिरवला. मत्स्य, वराह, वामन हे इराणातून आलेल्या टोळ्यांचे पुढारी आणि बळीराजा इथल्या रयतेचा राजा. विद्वानांनी मान्य केलेलंच गृहीतक त्यांनी उचललं आणि ज्यांना अक्षरसुद्धा नाकारलं गेलं होतं त्यांच्या बाजूने वापरलं. त्यांना त्यासाठी दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. तीस वर्षांनी, १९०३ मध्ये, लोकमान्य टिळकांनी वेदांतल्या दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवाजवळ नेलं. १९२३ मध्ये सावरकरांनीही सिंधूकाठी येऊन वस्ती करणारे आर्य गृहीत धरले. ‘आर्य बाहेरून आले’ असं म्हणणाऱ्याला आज देशद्रोही ठरवलं जातं, तेव्हा ही दोन नावं आठवायला हवीत.

मग बदललं काय? १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी हडप्पा आणि मोहेंजोदडोचा शोध जाहीर केला. ही नगरं वेदांच्या आधीची ठरली, तर देशाचा सर्वांत जुना वैभवकाळ वैदिक राहत नव्हता. म्हणून आर्यांना इथलेच ठरवणं निकडीचं झालं. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये मोहेंजोदडोतल्या सांगाड्यांवरून आर्यांनी केलेल्या कत्तलीचं चित्र उभं केलं. दुसरे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये ते खोडून काढलं, कारण सगळे सांगाडे एका वेळचे नव्हतेच. तरी ही कत्तल अजून सांगितली जाते.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण घोड्याचं. ऋग्वेदात पावलोपावली घोडे आहेत. हडप्पाच्या मुद्रांवर, म्हणजे शिक्क्यांवर, बैल, हत्ती, गेंडा, वाघ आहेत, घोडा नाही. ती नगरं वैदिकच होती हे दाखवायचं तर घोडा हवा होता. २००० साली सिंधू लिपी, म्हणजे या मुद्रांवरची लिपी, वाचल्याचा दावा करणाऱ्या एका पुस्तकात ‘घोड्याची मुद्रा’ छापली गेली. जुन्या उत्खनन अहवालातलं छायाचित्र काढून पाहिलं, तर तो मुद्रेचा फुटका तुकडा निघाला आणि त्यावर एकशिंगी बैलाचा मागचा अर्धा भाग. मायकल विट्झेल आणि स्टीव्ह फार्मर या अभ्यासकांनी त्याच वर्षी हे उघड केलं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १९४६ सालचं बाबासाहेबांचं काम. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्य वंशाचा आणि आर्य आक्रमणाचा सिद्धान्त साफ नाकारला. त्यासाठी ते थेट ऋग्वेदाच्या शब्दांत शिरले. दस्यूंना, म्हणजे वेदांतल्या आर्यांच्या शत्रूंना, एके ठिकाणी ‘अनास’ म्हटलं आहे. मॅक्स म्यूलर यांनी ते ‘अ-नास’ असं फोडलं: नाक नसलेले, चपट्या नाकाचे. वेदांचे जुने भाष्यकार सायणाचार्य यांनी ‘अन्-आस’ असं फोडलं: तोंड नसलेले, म्हणजे ज्यांना धड बोलता येत नाही असे. बाबासाहेबांनी सायणाचा अर्थ घेतला, कारण दस्यूंच्या बोलण्याला वेदात इतरत्रही नावं ठेवलेली आहेत. एका शब्दाची फोड बदलली आणि नाकावर उभारलेला वंश कोसळला. १९४८ मध्ये त्यांनी नाकांच्या मापांचाच आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवलं. शूद्रांच्या मुळाबद्दलची त्यांची स्वतःची उपपत्ती सगळ्यांना पटली नाही, पण वंशाची भाषा वापरून जातीशी लढता येत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांचं नाव घेऊन ब्राह्मणांचा ‘परका डीएनए’ म्हणणाऱ्यांनी हा ग्रंथ उघडून पाहावा.

जनुकशास्त्राने कोणाचीच बाजू पुरती घेतलेली नाही. २०१३ च्या एका अभ्यासानुसार, सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथल्या लोकसमूहांची मोठी सरमिसळ झाली, भिल्लांसारखे समूहही त्यातून सुटले नाहीत. बेटीबंदी घट्ट झाली ती त्यानंतर. सप्टेंबर २०१९ मध्ये दोन शोधनिबंध एकाच वेळी आले. पहिल्यासाठी हरियाणातल्या राखीगढीच्या ६१ नमुन्यांची तपासणी झाली. उष्ण हवेत डीएनए टिकत नाही. कामाचा निघाला फक्त एका बाईचा. तिच्यात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातला वारसा नव्हता. दुसऱ्या निबंधात ५२३ प्राचीन व्यक्तींचा डीएनए होता, आणि हाच वारसा इसवी सनपूर्व २००० नंतर भारतीय उपखंडात उतरल्याचं त्यात दिसलं. ती बाई त्याआधीची, म्हणजे दोन्ही निबंध एकमेकांना पूरकच. पण आक्रमणाचा सिद्धान्त निकालात निघाला, असं पहिल्याच्या आधारे पत्रकारांना सांगितलं गेलं. दुसऱ्यातला हा वारसा बाहेरून आल्याचा एवढाच भाग उचलून समोरच्यांनी ‘परके’ सिद्ध केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून तेव्हा राखीगढीचं उत्खनन चालवणारे वसंत शिंदे यांचं नाव दोन्ही निबंधांवर आहे.