त्रिकोणातील अज्ञात कोन

त्रिकोणातील माहीत नसलेल्या कोनाचे माप अक्षराने दर्शवायचे, कोनांमधील संबंध समीकरणात मांडायचे आणि ते सोडवून माप काढायचे, अशी ही रीत आहे. तिचा आधार म्हणजे सपाट प्रतलात त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° असते हे प्रमेय. युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ ग्रंथाच्या पहिल्या भागात ते ३२वे विधान आहे. बाह्यकोन (एक बाजू पुढे वाढवली की त्रिकोणाबाहेर होणारा कोन) हा दोन दूरस्थ आंतरकोनांच्या, म्हणजे त्याला लागून नसलेल्या आतल्या दोन कोनांच्या, बेरजेइतका असतो, हेही तिथेच येते.

समजा, बाह्यकोन १२०° आणि दूरस्थ आंतरकोन क्ष° व (२क्ष − १५)° आहेत. मग ३क्ष − १५ = १२०, म्हणून क्ष = ४५. त्रिकोणाचे कोन ४५°, ७५° आणि ६०°. क्ष मिळाला की पुष्कळ विद्यार्थी थांबतात. विचारलेला कोन (२क्ष − १५)° असेल, तर काम अजून उरलेले असते.

समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय याहून महत्त्वाचे. समान बाजूंसमोरील कोन समान असल्यामुळे लांबीची माहिती कोनांच्या समीकरणात उतरते, आणि तिच्यावाचून काही गणिते अडतात. ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’ या गणितविषयक नियतकालिकाचे संस्थापक संपादक एडवर्ड मॅन लँगली यांनी १९२२ मध्ये मांडलेला प्रश्न तसाच आहे.

त्रिकोण अबक मध्ये अ = २०°, ब = क = ८०°. अब वर प आणि अक वर म असे घ्या, की ∠मबक = ६०° आणि ∠पकब = ५०°. ∠बमप किती?

∠बमप = क्ष° आणि ∠कपम = य° मानले, तर बम व कप यांच्या छेदाजवळील त्रिकोणातून क्ष + य = ११० मिळते. त्रिकोण अपम घेतला, तरी पुन्हा क्ष + य = ११० हेच येते. केवळ कोनांच्या बेरजा करून दुसरे स्वतंत्र समीकरण हाती लागत नाही.

१९२३ मध्ये गणितज्ञ जेम्स मर्सर यांनी दिलेली उकल फार देखणी आहे. अक वर न असा घ्या, की ∠नबक = २०°. त्रिकोण बनक मध्ये न व क येथील कोन ८०°, म्हणून बन = बक. त्रिकोण बपक मध्ये प व क येथील कोन ५०°, म्हणून बप = बक. आता बप = बन आणि ∠पबन = ६०°, तेव्हा त्रिकोण बपन समभुज. ∠नबम आणि ∠बमन दोन्ही ४०°, म्हणून नम = नब = नप. ∠पनम = १८०° − ८०° − ६०° = ४०°, म्हणून ∠नमप = ७०°. त्यातून ∠बमन चे ४०° वजा केले की ∠बमप = ३०°.